गृहव्यवसाय (नगररचना)

गृहव्यवसाय म्हणजे घराचा मुख्य वापर निवासासाठीच ठेवून तेथे कुटुंबीयांनी चालवलेला लहान व्यवसाय होय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहरांच्या विकास योजनेत जमिनीचे निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक असे विभाग ठरवले जातात. प्रत्येक विभागात कोणता वापर अनुज्ञेय आहे, हे विकास नियंत्रण नियमावलीत नमूद असते.

बृहन्मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीने निवासी विभागात परंपरागत गृहव्यवसायास मुभा दिली होती. शिवणकाम, भरतकाम, गुंड्या बनवणे ही कामे त्यात मोडत. पगारी कामगार न ठेवणे आणि यंत्र वापरल्यास एकूण वीजभार ०.७५ किलोवॅटपेक्षा अधिक नसणे, या त्याच्या मुख्य अटी होत्या. त्यामुळे शिलाई यंत्रावर घरच्यांनी केलेले काम नियमात बसे; मात्र मदतीला एक पगारी कारागीर ठेवताच ही सवलत लागू होत नसे. २०१८ मध्ये या नियमावलीची जागा नव्या नियमावलीने घेतली.

अधिनियमाच्या व्याख्येनुसार इमारतीच्या वापरातील भरीव बदल हादेखील ‘विकास’ असून त्यास नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. विभागानुसार वापर अनुज्ञेय असला, तरी व्यवसायाच्या स्वरूपानुसार आवश्यक परवाने व नोंदणी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.