परळची लादी आणि मेणाचा थर

आजचा इतिहास आपल्या पायाखालचा, म्हणजे लादीचा.

परळ-लालबागच्या जुन्या घरांत शहाबादी नाहीतर सिमेंटची लादी. १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवांनी स्वदेशीच्या ओढीने भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली. ही सिमेंटची लादी भट्टीत भाजत नाहीत, दाबून घडवतात. तिला बारीक छिद्रं असतात, म्हणून मेणाचं पॉलिश आत मुरतं आणि चकाकी टिकते.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जमिनींवर ऑफिसं आणि टॉवर उभे राहिले. आत आलं लॅमिनेट, १९७७ मध्ये स्वीडनच्या पेर्स्टॉर्पने शोधलेलं. वर मेलामाइनचा कडक थर, मध्ये लाकडाचं चित्र छापलेला कागद, खाली लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड. इथे मेण मुरणार कुठे? ते वरच साचतं, धूळ धरतं आणि काळवंडतं. मग बोलणी कोणाला? पुसणाऱ्या मावशींना!

उपाय सोपा आहे. आधी एका कोपऱ्यात करून बघा. कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला, मायक्रोफायबरचं कापड घट्ट पिळा, थोडा थोडा भाग पुसा आणि लगेच कोरडा करा. जाड थर प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच सोडवा. तारेची घासणी नको. बादली तर अजिबात ओतू नका. सांध्यांतून पाणी गेलं की बोर्ड फुगतो.

आणि हो, लादी बदललीत तर ती पुसायची कशी, हे मावशींनाही सांगा. भेटू पुढच्या भागात!