तांब्याची खाण आणि तीन पिढ्यांचा हिशेब

जुन्या मराठी बिऱ्हाडांच्या माळ्यावर अजूनही एखादा तांब्याचा बंब, एखादे घंगाळ किंवा हंडा सापडतो. घरात गिझर आला आणि त्यांचे काम संपले. तरी मोडीत द्यायला मन होत नाही. सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांनी यांतली काही भांडी सामानाबरोबर आणली, काही इथल्या कंसाऱ्यांकडून घडवून घेतली. भांडे कोणी घडवले हे घरातली वडीलधारी माणसे सांगत. त्यातले तांबे कोणत्या जमिनीतून निघाले, हे मात्र सहसा कोणी विचारले नाही. त्या प्रश्नाच्या मागे जाऊ लागले, की सुरतेच्या इतिहासाची एक फारशी न वाचलेली बाजू समोर येते.

डच कंपनीची वखार सुरतेत १६१६ मध्ये स्थापन झाली. डचांचे नाव काढले की आपल्याला मसाले आणि कापड आठवते. परंतु सतराव्या शतकात त्यांनी या बंदरात विकलेल्या मालात जपानी तांब्याला मोठे स्थान होते. नागासाकीहून निघालेल्या तांब्याच्या लालसर सळ्या इथे उतरत आणि टांकसाळीकडे, तसेच अंतर्भागातील कारागिरांकडे जात. कतारगाम दरवाज्याजवळच्या डच कबरस्तानात हेंड्रिक व्हॅन रीड या अधिकाऱ्याची भव्य कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथामुळे विद्वानांना परिचित असलेला हा गृहस्थ १६९१ मध्ये सुरतेकडे येत असताना वाटेतच वारला. त्याच वर्षी जपानात सुमितोमो घराण्याने बेश्शी येथील तांब्याची खाण सुरू केली. ती खाण १९७३ पर्यंत, म्हणजे २८२ वर्षे चालली.

तांब्याची गरज किती निकडीची होती, याची साक्ष नाणी देतात. १६६४ ची सुरतेची लूट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्याच दशकात मोगल मुलखात तांबे इतके महागले, की औरंगजेबाच्या काळी तांब्याच्या पैशाचे वजन सुमारे २१ ग्रॅमवरून १४ ग्रॅमच्या आसपास आणावे लागले. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास निघालेली शिवराई हीदेखील तांब्याचीच. राज्य कोणाचेही असो, रयतेच्या हातातला पैसा तांब्याचा होता.

मग १७१५ साल उजाडले. आपल्या खाणींतले धन परदेशी गलबतांतून वाहून चालले आहे, ही चिंता जपानी राज्यकर्त्यांना लागली होती. अराई हाकुसेकी या विद्वान सल्लागाराच्या आग्रहावरून त्यांनी डचांना वर्षाला फक्त दोन जहाजांची परवानगी दिली आणि तांब्याच्या निर्यातीवर मर्यादा घातली. ज्यांच्या ताब्यात खाण होती, त्यांनी पुढच्या पिढ्यांचा विचार केला. सुरतेकडे चतुर व्यापारी होते, टांकसाळ होती, कारागीर होते, खाण नव्हती. त्यामुळे त्या निर्णयात सुरतेला कसलाही आवाज नव्हता.

स्वतःच्या भूमीतील तांब्याचा असा दूरवरचा विचार करण्याची मोठी संधी स्वतंत्र भारताला मिळाली, ती मलाजखंड येथे. हे ठिकाण बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे एके काळच्या नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर, भंडारा मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची स्थापना १९६७ ची; तिने १९८२ मध्ये मलाजखंडची खाण राष्ट्रकार्यात आणली. ही देशातील सर्वांत मोठी उघडी तांबे खाण ठरली.

उघडी खाण म्हणजे केवळ मोठा खड्डा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी, वर रुंद व तळाशी निमुळती अशी रचना असते. मलाजखंडचे खनिज गारेच्या खडकात असून त्याचा थर जमिनीत तीव्र उतारावर शिरतो. तळ खाली न्यायचा, तर कडे कोसळू नयेत म्हणून वरच्या कडा मागे सरकवाव्या लागतात. त्यामुळे जितके खोल जावे, तितका प्रत्येक टन खनिजामागे अधिक निरुपयोगी खडक उपसावा लागतो. शंभर टन खनिजात तांबे जेमतेम एक-सव्वा टन. यंदा खडक कमी उपसला, तर ताळेबंद चांगला दिसतो. पण ते पुढच्यांच्या डोक्यावरचे कर्ज असते, कारण काही वर्षांनी खनिज समोर असूनही त्यापर्यंत पोहोचता येत नाही. केवळ समृद्ध खनिज उचलून नेण्याचा मोहही तसाच. नफा आधी पदरात पडतो, आणि मागे राहिलेले हलके खनिज एकट्याच्या बळावर खर्च भागवू शकत नाही.

म्हणून खाणीचा आराखडा एका वर्षाचा, पाच वर्षांचा आणि संपूर्ण आयुष्याचा असा तिहेरी असतो. पाच वर्षांच्या आराखड्याला मंजुरी देणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे. खड्ड्याची अंतिम सीमा गणिताने ठरवण्याची पद्धत लर्च आणि ग्रोसमन यांनी १९६५ मध्ये मांडली. परंतु त्या गणितात भरायचा तांब्याचा वीस वर्षांनंतरचा भाव कोणालाच ठाऊक नसतो. तिथे अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकल्यास काय करायचे हेही आधीच ठरवून ठेवावे लागते.

असाही दिवस येतो, की खड्डा आणखी रुंद करणे परवडत नाही. मग त्याच खनिजाकडे भुयाराने जावे लागते. मलाजखंडचे वार्षिक उत्पादन २० लाख टन खनिजावरून ५० लाख टनांवर नेण्यासाठी भूमिगत खाणीची योजना आखली गेली. चिलीमधील चुकिकामाता येथे १९१५ पासून उघड्यावर खोदकाम चालले होते. सुमारे एक किलोमीटर खोल गेल्यावर तिथेही २०१९ मध्ये भूमिगत खाण सुरू झाली. असे वळण घेण्यासाठी विहिरी आणि बोगदे कित्येक वर्षे आधी खोदावे लागतात. खड्डा संपल्यावर विचार सुरू केला, तर मध्ये काही वर्षे हाती काहीच लागत नाही.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे पाहू. सुरतेच्या उत्तरेस, भरूच जिल्ह्यातील दहेज येथे १९९८ पासून तांबे शुद्ध करणारा प्रचंड कारखाना उभा आहे. त्याला लागणारे खनिजचूर्ण मुख्यतः परदेशांतून जहाजांनी येते. अलीकडे जगात भट्ट्या वाढल्या, त्यामानाने खाणी वाढल्या नाहीत. परिणामी खनिज वितळवण्याबद्दल कारखान्यांना मिळणारा आकार २०२५ च्या वार्षिक करारांत अगदी तळाला गेला. १७१५ साली नागासाकीहून आलेली वार्ता सुरतेच्या व्यापाऱ्यांनी जशी ऐकली असेल, तशीच ही वार्ता दहेजने ऐकली.

बेश्शीची खाण ज्यांनी उघडली, त्यांच्यापैकी कोणीही तिचा शेवट पाहिला नाही. मलाजखंडच्या डोंगरावर पहिला सुरुंग लागला, तेव्हा आराखडा आखणारे अभियंते आज निवृत्त झाले आहेत. त्यांनी मागे ठेवलेल्या कड्यांच्या उतारावर आणि बाजूला साठवलेल्या खनिजावर आजच्या तरुणांचे काम अवलंबून आहे. आपल्या पूर्वजांनी परक्या गावी घर बांधताना नातवंडांचा हिशेब केला होता, हे आपण जाणतो. खाणीचा हिशेबही त्याच जातीचा आहे, आणि तो करण्याची वेळ पहिली कुदळ मारण्यापूर्वीची असते.