हातात काय द्यायचं?

मंडळी, या विकांताला जरा वेगळा विषय. म्युझियममध्ये तिकिटाबरोबर आपल्या हातात जे यंत्र ठेवलं जातं, त्याचा इतिहास.

हा विषय डोक्यात शिरला तो माझ्याच एका जुन्या उद्योगामुळे. २००८ साली आम्ही तीन मित्रांनी मिळून एका छोट्या शहरातल्या संग्रहालयाला टचस्क्रीनचा किऑस्क करून दिला होता. फुकटात, हौसेने. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले. तीन वर्षांनी सहज डोकावलो तर पडद्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं आणि त्यावर चिकटपट्टीने कागद लावलेला, 'मशीन बंद आहे'. शेजारच्या काचपेटीतली जुनी हत्यारं मात्र ठणठणीत!

तेव्हापासून एक खोड लागली आहे. कुठल्याही म्युझियमचं नवं यंत्र दिसलं की आधी मनात येतं, हे बिघडलं की काय? त्या खोडीपायी जालावर बरंच काही वाचून झालं. त्यातलं थोडं इथे.

सुरुवात होते १९५२ साली, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये. विलेम सँडबर्ग तेव्हा तिथले संचालक होते. युक्ती मोठी मजेशीर होती. दालनाभोवती तारेचं एक मोठं वेटोळं बसवायचं आणि टेपरेकॉर्डरवर भाषण लावून ते या वेटोळ्यातून लघुलहरींवर सोडायचं. बघणाऱ्याकडे एक छोटा रेडिओ, कानाला हेडफोन. वेटोळ्याच्या आत असलात तर ऐकू येणार, बाहेर पडलात की गप्प. थोडक्यात, एका खोलीपुरतं आकाशवाणी केंद्रच. भाषणं डच, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा चार भाषांत होती.

आता यातली गोम बघा. टेप एकच, त्यामुळे एका क्षणी सगळ्यांच्या कानात एकच वाक्य. त्या वेळचे फोटो आहेत. त्यात अख्खी गर्दी एकाच चित्राकडे एकाच दिशेने माना वळवून उभी दिसते, गुरुजींनी "फळ्याकडे बघा" म्हटल्यासारखी. एखाद्याला मागच्याच चित्रापाशी रेंगाळायचं असेल तर? रेंगाळा की, पण कानात पुढच्या चित्राची माहिती चालू. आपल्या भाषेत शुद्ध ब्रॉडकास्ट. पॉजचं बटण नाही, रिवाइंड नाही.

हसू येतं खरं, पण अभियंता म्हणून मला ही रचना फार आवडते. गुंतागुंतीचं सगळं सामान म्युझियमच्या ताब्यात होतं, एका जागी. टेप अडकली तर एकच माणूस जाऊन ती सोडवणार. बघणाऱ्याच्या हातात काय, तर एक साधा रेडिओ. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत अकूस्टिगाइड ही कंपनी निघाली आणि ज्याची त्याची टेप ज्याच्या त्याच्या गळ्यात आली. सुरुवात कधी करायची ते आता आपण ठरवणार, क्रम मात्र टेपचाच. ती म्हणाली डावीकडे वळा, की मुकाट्याने डावीकडे. या कटकटीचं सोनं कुठे झालं असेल तर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्कट्राझ बेटावर. तिथला तुरुंग १९६३ मध्येच बंद झाला होता. १९८७ मध्ये तिथे कॅसेटवरची सफर सुरू झाली. त्यात तज्ज्ञांची व्याख्यानं ठेवली नाहीत. तिथे काम केलेले पहारेकरी आणि शिक्षा भोगलेले कैदी यांचेच आवाज घेतले. इथे थांब, आता चाल, या कोठडीत डोकाव, असं कानात कोणीतरी सांगतंय आणि आपण ऐकतोय... तुरुंग बघायला याहून योग्य पद्धत कुठली असणार! माध्यमाची मर्यादा ओळखून तिला शोभेल अशी जागा शोधणं, हे डिझाइन. बाकी सगळी खरेदी. (हे माझं मत. वाद घालायला हरकत नाही.)

नंतर डिजिटल साठवण आली आणि चित्राशेजारचा नंबर दाबा, हवं ते ऐका, अशी सोय झाली. यावर फार लिहीत नाही, आपण सगळ्यांनीच ती यंत्रं वापरली आहेत. १९९१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने मॅकिंटॉश संगणकांची 'मायक्रो गॅलरी' उघडली. संग्रहातली दोन हजारांहून अधिक चित्रं टचस्क्रीनवर चाळायची, आवडतील ती निवडायची आणि त्यांच्यापर्यंत नेणारा नकाशा कागदावर छापून घ्यायचा. म्हणजे संगणक एका खोलीत, चित्रं दुसरीकडे आणि मधला दुवा कागदाचा. मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर मध्ये पडदा नाही, हे मला आजही शहाणपणाचं वाटतं.

याच्या अगदी उलट गोष्ट पॅरिसच्या लुव्रची. २०१२ मध्ये तिथे ऑडिओ गाइड म्हणून चक्क निन्टेंडो ३डीएस हे खेळाचं यंत्र आलं, एकदम ५,००० नग. आपण कुठल्या दालनात उभे आहोत हे नकाशावर दिसायचं, शिल्पांचे त्रिमित फोटो बघता यायचे. झकास! पण निन्टेंडोने २०२० मध्ये या यंत्राचं उत्पादन बंद केलं, आणि लुव्रमध्ये ते चालू राहिलं थेट २०२५ पर्यंत. ज्यांनी कधी बंद पडलेल्या प्लॅटफॉर्मवरचं सॉफ्टवेअर सांभाळलं आहे, त्यांना त्या पाच वर्षांत पडद्यामागे काय चाललं असेल याची कल्पना येईल. शेकडो वर्षं टिकलेली चित्रं आणि त्यांची ओळख करून द्यायला आठ-दहा वर्षांत निवृत्त होणारं यंत्र!

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. न्यूयॉर्कचं कूपर ह्यूइट हे स्मिथसोनियनचं डिझाइन म्युझियम अँड्र्यू कार्नेगीच्या जुन्या वाड्यात आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर ते डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा उघडलं आणि मार्च २०१५ पासून येणाऱ्याच्या हातात एक जाडजूड पेन पडू लागलं. या पेनला पडदाच नव्हता! एका टोकात एनएफसी वाचणारं यंत्र. वस्तूच्या पाटीवर अधिकचं चिन्ह असायचं, त्यावर ते टोक टेकवलं की वस्तू पेनच्या आठवणीत जमा. दुसऱ्या टोकाने मोठ्या टचस्क्रीन टेबलांवर रेघोट्या मारायच्या, स्वतःचा वॉलपेपर काढायचा आणि एका खोलीच्या भिंतींवर तो पसरलेला बघायचा. जाताना पेन परत द्यायचं. तिकिटावर एक पत्ता छापलेला असायचा. घरी गेल्यावर तो ब्राउझरमध्ये टाकला की आपण जमवलेलं सगळं समोर.

यामागच्या चमूत सेब चॅन आणि अ‍ॅरन स्ट्रॉप कोप ही मंडळी होती. त्यांनी आधी संग्रहाच्या माहितीचा एपीआय नीट बांधला. तो जगाला खुला केला आणि म्युझियममधली टेबलंही त्याच्याच जिवावर चालवली. टेबल गेलं तरी माहिती मागे शाबूत. (आमच्या किऑस्कमध्ये याच्या बरोबर उलट होतं. त्यावर येतोच.)

तरीपण पेन म्हणजे शेवटी हजारो हातांतून फिरणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. बॅटऱ्या सांभाळा, पुसून ठेवा, काउंटरवर प्रत्येक पेनची एका तिकिटाशी जोडी लावा, परत आल्यावर आतलं काढून घ्या. आणि २०२० मध्ये महासाथ आली. अनोळखी माणसाने हाताळलेली वस्तू हातात घ्यायची म्हटलं की अंगावर काटा यायचा ते दिवस. म्युझियमची दारं बंद झाली आणि पेनचं वाटपही थांबलं.

दरम्यान सेब चॅन मेलबर्नच्या एसीएमआयमध्ये, म्हणजे चित्रपट, टीव्ही आणि व्हिडिओ गेमच्या म्युझियममध्ये, गेले होते. नूतनीकरणानंतर ते फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडलं, तेव्हा लोकांच्या हातात आली पुठ्ठ्याची एक चकती. नाव 'लेन्स'. आत एनएफसीची चिप. बॅटरी नाही, दिवा नाही, परत द्यायची भानगड नाही, घरी घेऊन जा. पाटीशेजारच्या रीडरवर चकती टेकवली की ती वस्तू आपल्या खात्यात जमा.

कल्पना तीच, फक्त वाचणारा आणि वाचला जाणारा यांची अदलाबदल झाली. कूपर ह्यूइटमध्ये महागडा रीडर हातात होता आणि स्वस्तातला टॅग भिंतीवर. मेलबर्नला टॅग हातात, रीडर भिंतीवर. बिघडणारं ते सगळं पुन्हा म्युझियमच्या ताब्यात, एका जागी उभं. आठवतंय का १९५२ चं वेटोळं? सत्तर वर्षांनी गाडी त्याच स्टेशनात आली. फक्त आता मान कुठे वळवायची ते बघणारा ठरवतो. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. सॉफ्टवेअर आर्किटेक्चरमध्ये इतकी सोपी, इतकी देखणी दुरुस्ती फार वेळा बघायला मिळत नाही.

आमच्या किऑस्कचं मात्र हसंच झालं. सगळं फ्लॅशमध्ये केलेलं, वस्तूंची माहिती, तारखा, वर्णनं, सगळं त्या एका फाइलीतच कोंबलेलं. अ‍ॅडोबीने २०२० च्या अखेरीला फ्लॅशचा आधारच काढून घेतला. मध्यंतरी जुन्या हार्डडिस्कवर ते फोल्डर सापडलं, आणि फाइल काही साध्या डबल क्लिकने उघडेना. इम्युलेटर वगैरे आहेत, करेन कधीतरी.

पण त्याच फोल्डरमध्ये एक उपफोल्डर होता, 'आवाज' नावाचा. संग्रहालयाच्या वयस्कर काळजीवाहू काकांना एका दुपारी बसवून आम्ही त्यांच्याच शब्दांत वस्तूंची ओळख ध्वनिमुद्रित केली होती. फायली फार मोठ्या होत होत्या, म्हणून आळसाने किऑस्कच्या बाहेर वेगळ्या ठेवल्या. साध्या एमपी३. चौदाच्या चौदा वाजल्या. मागे पंख्याची घरघर आहे, मध्येच कोणीतरी चहा विचारतं, आणि काका दांडपट्ट्याबद्दल सांगताहेत, "यात हात कोपरापर्यंत आत जातो बरं का. मनगट वळत नाही. सगळा खेळ खांद्याचा."

त्या फायली पेन ड्राइव्हवर घालून ठेवल्या आहेत. पुढच्या शनिवारी गाडी काढून संग्रहालयात देऊन येणार आहे.