फुलकोबी, भारतीय
(फ्लॉवर, हिं. फूलगोभी, लॅ. ब्रॅसिका ओलेरॅसिया, प्रकार बॉट्रिटिस, कुल–ब्रॅसिकेसी). फुलकोबी ही मूळची भूमध्य सामुद्रिक प्रदेशातील, थंड हवामानाची भाजी. भारतात ती १८२२ मध्ये इंग्लंडातून आली व सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम लावली गेली, असे सामान्यतः मानतात. यूरोपीय प्रकारांना चांगला गड्डा धरण्यास साधारणतः १०° ते १६° से. तापमान लागते आणि बी येण्यासाठी त्यापूर्वी दीर्घकाळ थंडी मिळावी लागते. त्यामुळे उत्तरेकडील मैदानांतील उष्ण व दमट शरद ऋतूत हे पीक साधणे कठीण होते.

ही अडचण मुख्यतः तेथील भाजीपाला उत्पादकांनी दूर केली. उष्णतेतही लवकर गड्डा धरणाऱ्या व मैदानातच बी देणाऱ्या झाडांचे बी ते दरवर्षी राखून ठेवीत. अशा निवडीतून २०° ते २७° से. तापमानातही गड्डा धरणारे हळवे प्रकार निर्माण झाले. काढणीच्या महिन्यांवरून त्यांना व त्यांच्यामागून येणाऱ्या प्रकारांना कुंवारी (आश्विन), कातकी (कार्तिक), अगहनी (मार्गशीर्ष), पूसी (पौष) व माघी अशी नावे पडली. पुढे भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा कातकी, पुसा दीपाली हे सुधारित वाण याच स्थानिक साठ्यातून निवडले.

भारतीय प्रकारांचे गड्डे यूरोपीय प्रकारांच्या मानाने काहीसे सैल व पिवळसर असतात. तथापि त्यांच्या बियांसाठी डोंगराळ प्रदेशावर अवलंबून राहावे लागत नाही. या पिकाच्या भारतातील प्रसाराचा पाया अशा रीतीने अनामिक उत्पादकांनी घातला.