बिनविरोध

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, उत्तर गोलार्धातला वसंत. तारीख नाही, पण घड्याळ उलटं फिरवता येतं. पृथ्वीवर आदळायला निघालेल्या धोंड्याचा वेग सेकंदाला २० किलोमीटर धरला आहे.

२४ तास आधी : दहा-बारा किलोमीटरचा हा धोंडा चंद्राच्या चौपट अंतराहूनही लांब. आजच्या मोंटानाच्या मुलखात टी. रेक्सचं राज्य. सस्तन प्राणी बहुतेक उंदीर-घुशीएवढे. दहा कोटींहून जास्त वर्षं रात्रपाळीच करणारे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या भारताच्या भूमीवर दख्खनचा लाव्हा वाहतोय. आपल्या सह्याद्रीचे कडे त्याचेच. पुढच्या संहारात त्याचा हात किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात.

५ तास आधी : धोंडा चंद्राएवढ्या अंतरावर.

अर्धा तास आधी : इथे जरा थांबू. पृथ्वी फिरतेय, अर्ध्या तासात धोंडा जिथे आदळणार ती मेक्सिकोतल्या युकातानची जमीन सात-आठशे किलोमीटर सरकते. धोंड्याला तेवढा उशीर झाला असता, तर तो दुसऱ्याच खडकावर आदळला असता. युकातानच्या उथळ समुद्राखाली होतं जिप्सम, म्हणजे गंधकाचं कोठार.

५ सेकंद आधी : वातावरणात प्रवेश.

शून्य : सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर.

पहिला तास : तीन हजार किलोमीटरवर, उत्तर डकोटातल्या टॅनिसला, जमिनीच्या हादऱ्यांनी नदीचं पाणी उलटं उसळलं. वरून वितळलेल्या खडकाचे काचमणी बरसू लागले. तिथल्या गाळात गाडल्या गेलेल्या माशांच्या कल्ल्यांत ते मणी अडकलेले सापडले. गिळायलाही उसंत मिळाली नाही. वसंत होता हे त्याच माशांच्या हाडांनी सांगितलं. वाढीच्या रेषा तिथेच थांबल्या आहेत.

२४ तासांनंतर : विवरात १३० मीटरचा थर साचलेला. २०१६ मध्ये तिथे खोदलं तेव्हा त्यात जळक्या लाकडाचा कोळसा निघाला, गंधक मात्र जवळपास नाहीच. ते हवेत गेलं होतं.

मग तासांचा हिशेब संपतो. हवेतल्या गंधकानेही ऊन अडलं, झाडं वाळली, झाडं खाणारे मेले, त्यांना खाणारेही मेले. सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती संपल्या. डायनासोरांपैकी उरले फक्त पक्षी. बिळातल्या सस्तन प्राण्यांना किडे, बिया, कुजकं-नासकं चालायचं. त्यांच्यातले काही तगले.

समोरचे सगळे अर्ज बाद झाले आणि आपले पूर्वज बिनविरोध निवडून आले. माणूस खुर्चीवर बसला तो अगदी अलीकडे, जेमतेम ३ लाख वर्षांपूर्वी.