शिक्षणाचा कर कोणी भरला, शिक्षण कोणाला मिळाले?

१/ सार्वजनिक शिक्षणाचा खर्च करदात्यांवर सक्तीने लादावा काय? या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते : पैसे भरणारा एक आणि शिकणारा दुसरा. मुंबई इलाख्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. तेथे कराची सक्ती आधी आली. शाळेचा हक्क यायला सुमारे दीडशे वर्षे लागली.

२/ १८६० च्या दशकात इलाख्यात ‘लोकल फंड’ सुरू झाला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी आणि तिचा एक तृतीयांश वाटा शिक्षणासाठी. ही पट्टी ऐच्छिक नव्हती. गावात शाळा असो वा नसो, शेतकऱ्याला ती भरावीच लागे.

३/ ऑक्टोबर १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन सादर केले. शिक्षणाच्या नावाने घेतलेली पट्टी त्या कामी खर्च होत नाही, अशी त्यांची स्पष्ट तक्रार होती. इलाख्यातील जवळजवळ नऊ दशांश गावे, म्हणजे सुमारे १० लाख मुले, प्राथमिक शिक्षणाच्या सोयीवाचून असल्याचे त्यांनी नमूद केले.

४/ फुल्यांचा युक्तिवाद दयेचा नव्हता, हिशेबाचा होता. सरकारी तिजोरी मुख्यतः रयतेच्या घामावर भरते आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा आक्षेप. किमान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने स्थानिक निधीवर प्राथमिक शिक्षणाचा अग्रहक्क मान्य केला. सक्ती मात्र सुचविली नाही.

५/ सक्ती अशक्य नव्हती. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात तिचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती संस्थानभर लागू केली.

६/ हेच उदाहरण पुढे ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. त्यातील तरतुदी सावध होत्या : ६ ते १० वयाची मुले, स्थानिक संस्थेची इच्छा असेल तेथेच सक्ती, आणि गरज पडल्यास शिक्षणपट्टी बसविण्याची मुभा. दरमहा १० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ.

७/ लोकांची मागणी नाही, ऐच्छिक मार्गाने बरेच साधण्याजोगे आहे, नवा कर लोकांना रुचणार नाही, असे आक्षेप घेतले गेले. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत केवळ इंग्रज अधिकारी नव्हते. हिंदी सभासदही होते. ज्यांच्या मुलांचा प्रश्न होता, त्या रयतेला मात्र तेथे मत नव्हते.

८/ १९१७ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा कायदेशीर हक्क प्रत्यक्षात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.

९/ दरम्यान २००४ मध्ये केंद्राने करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसविला. पुढे माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का. या दुसऱ्या उपकराची रक्कम वर्षानुवर्षे स्वतंत्र निधीत वर्गच झाली नाही, असा ठपका भारताच्या महालेखापरीक्षकांनी ठेवला. १८८२ चीच तक्रार, नव्या कागदावर.

१०/ म्हणून ‘दुसऱ्यांच्या मुलांसाठी मी कर का भरावा?’ हा प्रश्न या भूमीत अर्धवट ठरतो. येथे अनेक पिढ्यांनी कर भरला तो दुसऱ्यांच्याच मुलांसाठी. फक्त ती मुले त्यांच्याहून सुस्थितीतील होती. सक्ती न्याय्य की अन्याय्य, याचा निवाडा कराच्या पावतीवर होत नाही. तो गावच्या शाळेच्या हजेरीपटावर होतो.