लेझमीतली साखळी कुठे गेली? (थ्रेड)

१/ चौक. इरशाळगडाच्या परिसरातील हे गाव सरनौबत नेतोजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. याच खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत १६६१ साली कारतलबखानाची फौज कोंडली गेली. अशा मुलखात शस्त्रविद्येचे कौतुक असणारच. पण लहान मूल रोजच्या कष्टाच्या मेहनतीत रमवायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक वस्तादापुढे होता.

२/ उत्तराचा एक भाग सरावाच्या हत्यारांतच सापडतो. तलवारीआधी हाती येई ती फरी-गदगा, म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि चामडे मढवलेली काठी. घोड्यावरून भाला चालवण्याच्या सरावाला बोथाटी असे. तिच्या टोकाला पातीऐवजी कापडाचा गोळा, तोही रंगात बुडवलेला. वार लागला की अंगावर डाग उमटे. "लागला", "नाही लागला" हा मुलांच्या खेळातील सनातन वाद तिथेच मिटे!

३/ मल्लखांबाचेही तसेच. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात खांबावरील व्यायामाचा उल्लेख येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे जीवन दिले. कुस्तीला जोडीदार लागतो, आणि सारखे चीत होणारे पोर आखाड्याकडे फिरकत नाही. खांब कोणालाही चीत करत नाही.

४/ १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. शिलेदारीची वाट बंद झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणेही गुन्हा ठरले. मग पट्टा शिकून मुलाने करायचे काय? पूर्वी पोटापाण्याचे कारण पुरेसे होते. आता मूल स्वतःहून रमले, तरच विद्या टिकणार होती.

५/ या पेचातून लेझीम कशी निभावली हे पाहण्यासारखे आहे. शब्द फारसी. मूळ वस्तू म्हणजे धनुष्यासारखा दांडा आणि दोरीच्या जागी लोखंडी साखळी. धनुर्धाऱ्याचे खांदे व दंड त्यावर घडत. इराणच्या जोरखान्यांत तिचे भावंड 'कबादे' आजही खांद्यांवरून झुलवले जाते. तालमीतील ही जड लेझीम लहानग्याला पेलणे अवघडच. शाळांत पोहोचली ती हलकी, आखूड लाकडी दांड्याची आणि पातळ चकत्यांची. वजन गेले, छमछम उरली. तालावर शंभर मुले एकदम वाकू लागली. त्या रांगेत एकट्याने चुकायची लाजही उरली नाही.

६/ बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांनी देशी व्यायामाला असेच सांघिक रूप दिले. तेथे १९०७ ते १९१० शिकलेले कुवलयानंद पुढे लोणावळ्यात, म्हणजे खालापूरच्याच घाटमाथ्यावर, कैवल्यधाम स्थापतात (१९२४). अमरावतीत १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले.

७/ योगायोग पाहा. याच सुमारास दूर ओकिनावात इतोसु अंको यांनी कराटे शाळांत नेले आणि शाळकरी मुलांना झेपतील असे 'पिनान' हे पाच काता रचले. कराटेचा कवायती व्यायाम झाला, ही तक्रार तेव्हापासूनची.

८/ तीच तक्रार लेझमीबद्दलही ऐकू येते: शस्त्राभ्यासाचा नाच केला. ती अर्धीच खरी आहे. साखळीचा ताण गेल्याने दंडाची कमाई गेली, हे मान्यच करावे लागेल. पण मग रंगाची बोथाटी तरी काय होती? मुलांसाठी हत्यार बोथट करणे ही शाळामास्तरांची करामत नव्हे, ती वस्तादांचीच जुनी रीत.

९/ आणि कराटेच्या वर्गाला जाणाऱ्या मुलांच्या कमरेचा तो पिवळा पट्टा? तोही पुरातन नाही. रंगीत पट्ट्यांची मालिका विसाव्या शतकात युरोपातील ज्यूदोच्या वर्गांतून रूढ झाली. काळ्या पट्ट्यापर्यंतची वर्षे फार लांब वाटत. मधल्या रंगांनी ती वाट तुकड्यातुकड्यांत वाटून दिली.